शुहास्करियात पहिल्यांदा जेवायला जाताना

ब्राझीलमध्ये नोकरीसाठी किंवा शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच कोणीतरी शुहास्करियात जेवायला नेतं. बहुतेक वेळा ऑफिसातली मंडळीच नेतात. शुहास्करिया म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजून देणारं हॉटेल. ते ‘रोडिझिओ’ पद्धतीचं असेल तर माणशी एकच ठरलेली रक्कम असते आणि मेन्यूकार्ड जवळपास नसतंच. वाढपी हातभर लांब सळया आणि धारदार सुरी घेऊन टेबलाटेबलांमधून फिरत राहतात आणि ताटात काप पाडत जातात. तुम्ही थांबवेपर्यंत हे चालू राहतं.

आपला माणूस नेमका इथे अडतो. आपल्या पंगतीत पहिला ‘नको’ कोणी खरा धरत नाही, दुसऱ्या ‘नको’नंतरही पानात जिलबी पडतेच. शुहास्करियात पहिलाच नकार खरा धरतात, पण तो द्यावा लागतो. संकोचून गप्प बसलात तर पंधरा मिनिटांत ताटात सॉसेज, कोंबडी आणि भाताचा ढीग होतो आणि ज्यासाठी आलात ती पिकान्या, म्हणजे इथला सगळ्यात नावाजलेला बीफचा तुकडा, येते तेव्हा पोटात जागा नसते. म्हणून काय काय सोडायचं, हे घरून निघतानाच ठरवून ठेवा.

जागा कशी निवडायची

पाटीवर ‘रोडिझिओ’ लिहिलंय का ते पाहा. दक्षिणेकडे रिओ ग्रांदे दो सुल राज्यात त्याच पद्धतीला ‘एस्पेतो कोहीदो’ म्हणतात. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ती सुटी डिश मागवायची शुहास्करिया असू शकते. तिथे एका डिशमध्ये दोघा-तिघांचं जेवण येतं, ते कळेपर्यंत आपण तीन डिश मागवून बसलेलो असतो. उच्चाराचं एक लक्षात ठेवा. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ इथे बहुतेक ठिकाणी ‘ह’सारखा म्हणतात, त्यामुळे टॅक्सीवाल्याला रोडिझिओ सांगितलंत तर तो क्षणभर थबकेल; ‘होजीझ्यू’ म्हणालात तर गाडी सुरू करेल.

साओ पावलोसारख्या शहरात तीन पातळ्या दिसतात. वर नावाजलेल्या साखळ्या. त्यांतली ‘फोगो दे शाओं’ 1979 मध्ये पोर्तो अलेग्रे शहरात सुरू झाली आणि 1997 मध्ये टेक्सासातल्या अ‍ॅडिसनला पोचली. तिथून पुढे अमेरिकेत हा प्रकार पसरला. अशा ठिकाणी माणशी दोनशे रेआलच्या (हे ब्राझीलचं चलन) वर जातात, तेही पेयं आणि गोड सोडून. मधली पातळी गल्लीतल्या शुहास्करियांची. त्या निम्म्या पैशांत किंवा त्याहून कमीत होतात, मांसाचे प्रकार थोडे कमी असतात आणि आवाज बराच जास्त असतो. तिसरी पातळी हमरस्त्याकडेची, जिथे ट्रकवाले थांबतात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा मधल्या पातळीवर जा. महागड्या ठिकाणी पैसे वसूल करायच्या नादात माणूस चुकीचं आणि जास्त खातो.

ही पद्धत आली दक्षिणेतून. उरुग्वे आणि अर्जेंटिनाला लागून असलेल्या पंपा गवताळ प्रदेशातले गुराखी, ज्यांना ‘गाउशो’ म्हणतात, ते जमिनीत खड्डा करून विस्तव पेटवत आणि मांसाचे मोठाले तुकडे लाकडी खुंट्यांना टोचून विस्तवाकडे कलते उभे करत. मसाला म्हणजे फक्त जाडं मीठ. फिरत्या सळईची पद्धत त्या मानाने अलीकडची. 1960च्या दशकात हमरस्त्यावरच्या खानावळींमध्ये ती रुळली. ती कोणी काढली यावर दोन-तीन गावं हक्क सांगतात. रिओ ग्रांदे दो सुलमधल्या नोव्हा ब्रेसिया या छोट्या गावातून निघालेल्या लोकांनी देशभर शुहास्करिया काढल्या, हे मात्र सगळे मानतात. त्याच गावात थापा मारण्याची राष्ट्रीय स्पर्धाही भरते, तेव्हा तिथल्या माणसाने मूळकथा सांगितली तर ती हातचं राखूनच ऐका.

कधी जायचं

रविवारची दुपार म्हणजे कुटुंबाचा शुहास्को, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचं जेवण. साडेबारा-एकनंतर नावाजलेल्या ठिकाणी दाराबाहेर रांग असते. रात्रीचं जेवण लोक आठनंतर घेतात, त्यामुळे साडेसहाला गेलात तर अर्धं हॉटेल रिकामं आणि निखारे अजून धरताहेत असं होईल. नवख्याला सगळ्यात सोयीची वेळ आठवड्यातल्या कामाच्या दिवशीची दुपार. बऱ्याच ठिकाणी तेव्हा दरही कमी असतो आणि वाढप्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. मुलं बरोबर असतील तर आधी विचारा. अगदी लहानांना फुकट आणि त्याहून थोड्या मोठ्यांना निम्मा दर, असं बहुतेक ठिकाणी असतं. वयाची अट जागोजागी वेगळी.

सकाळपासून उपाशी राहून जाऊ नका. रिकाम्या पोटी पहिल्या दहा मिनिटांत ब्रेड आणि सॉसेजवर तुटून पडायला होतं आणि खेळ तिथेच संपतो. सकाळी हलका नाश्ता, दुपारी एकला जेवण आणि रात्री ताक किंवा काहीच नाही, हे गणित बसतं.

बीफ खात नसाल किंवा मांसच खात नसाल तर

हे टेबलावर बसल्यावर लगेच सांगायचं, सळई समोर आल्यावर नाही. इथल्या सळयांपैकी निम्म्याहून जास्त बीफच्या असतात आणि नावावरून काही कळत नाही. वाढप्याला म्हणा, “नाउं कोमु कार्नि जी बोइ.” म्हणजे मी बीफ खात नाही. पोर्क नको असेल तर शेवटी ‘जी पोर्कु’. पुढे प्रत्येक सळईला “बोइ?” एवढं विचारलंत तरी पुरतं. कोंबडी म्हणजे ‘फ्रांगो’, मेंढी म्हणजे ‘कोर्देरो’ किंवा ‘कार्नेरो’.

शाकाहारींनी आणखी जपायला हवं. इथे रोजच्या बोलण्यात ‘कार्नि’ म्हणजे बीफच धरतात. ‘कार्नि नको’ म्हटलंत तर पुष्कळदा हसतमुखाने कोंबडी नाहीतर हॅम समोर येतं. “सो वेजेतारियानु” म्हणा, बाई असाल तर “वेजेतारियाना”, आणि पुढे कोंबडी, मासे, हॅम, बेकन यांची नावं घेऊन एकेकाला नाही म्हणा. घेवड्याच्या काळ्या किंवा तपकिरी उसळीत बेकनचे तुकडे असतात, परतलेल्या हिरव्या पानांच्या भाजीतही असतात आणि ‘फारोफा’ नावाच्या, कसावा या कंदाच्या भाजलेल्या पिठातही बहुधा असतात. दिसायला तिन्ही निर्दोष.

त्याशिवाय खायला भरपूर आहे. बहुतेक मोठ्या ठिकाणी फक्त सॅलड-बुफेचा कमी दर असतो. तो फलकावर लिहिलेला नसला तरी विचारला की सांगतात. पण भाजलेलं चीज आणि अननस त्याच विस्तवावरून, पुष्कळदा त्याच सुरीने कापून येतात, हे जे कडक पाळतात त्यांनी ध्यानात ठेवावं.

मंडळी मिश्र असतील, म्हणजे दोन शाकाहारी, एक बीफ न खाणारा आणि दोघं सगळं खाणारे, तर रोडिझिओचा हट्ट सोडा. ‘पोर कीलो’ हॉटेलात जा. तिथे ताटात हवं ते घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. एका कोपऱ्यात बहुधा भट्टी असते आणि तुम्ही बोट दाखवाल तो तुकडा कापून मिळतो. दक्षिणेत डोंगराकडच्या काशियास दो सुल, बेंतो गोंसाल्व्हिस या भागात गेलात तर ‘गालेतेरिया’ शोधा. 1875 पासून तिथे आलेल्या इटालियन वसाहतवाल्यांच्या वंशजांची ही पद्धत. कोवळ्या कोंबड्या भाजलेल्या, सोबत तळलेला पोलेंता (मक्याच्या पिठाचा), पास्ता आणि कडवट पानांचं सॅलड, तेही पुन्हा पुन्हा वाढत. बीफ टाळणाऱ्या कोंबडीखाऊ मराठी माणसाला यापेक्षा निश्चिंत जेवण ब्राझीलमध्ये मिळणं कठीण. आणि पूर्ण शाकाहारींसाठी पिझ्झाचाही रोडिझिओ असतो. त्यात भाज्यांचे, चीजचे आणि शेवटी चॉकलेट-केळ्याचे पिझ्झे फिरवतात.

बसल्यावर: बुफेचा मोह

टेबलावर बसताच गरम पाउं जी केझो येतात. कसावाच्या पिठाचे, चीज घातलेले छोटे गोल पाव, गव्हाचा कणही नाही. (अंडं असतं, ते न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.) बाहेरून कुरकुरीत, आत चिवट-मऊ. एक खा, फार तर दोन. टोपली रिकामी झाली की ती भरून येते. हॉटेलवाल्याचा त्यात फायदाच आहे, पिठापेक्षा पिकान्या महाग पडते.

मग मधला बुफे. एक फेरी नुसती बघायची, ताट न घेता. तिथे सुशीसुद्धा असते, पास्ता असतो, चीजच्या चकत्या असतात, बटाट्याचं मेयोनीज घातलेलं सॅलड असतं. साओ पावलोत बुधवारी आणि शनिवारी फेझवादा खायची रीत आहे. काळा घेवडा आणि पोर्कचे नाना भाग घालून केलेलं ते भरभक्कम कालवण आहे आणि ते एकटंच एका जेवणाचं काम करतं. म्हणून त्या दिवशी बुफेत दिसलं तरी रोडिझिओच्या दिवशी नको.

घ्यायचं ते एवढंच. पामिटो, म्हणजे माडाच्या जातीच्या झाडाचा आतला कोवळा गाभा, पांढरा, किंचित आंबट, इथे डब्यातला असतो पण चांगला लागतो. थोडी हिरवी पानं. ‘विनाग्रेची’ एक चमचा. ही म्हणजे बारीक टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची, व्हिनेगर आणि तेल. मांसाचा तुपकटपणा तीच मोडते. आणि एका कडेला फारोफा. भाजलेलं मांस कापलं की ताटात रस सुटतो, त्यावर चिमूटभर फारोफा भुरभुरायचा आणि तुकडा त्यात घोळवायचा. नुसता चमच्याने खाल्लात तर ठसका लागेल.

तिखट? हे जेवण तिखट नसतं. दक्षिणेची पद्धत म्हणजे मीठ आणि धूर, एवढंच. “पिमेंता” मागितलीत तर तेलात बुडवलेल्या छोट्या मालागेता मिरच्यांची बाटली येते, ती चांगलीच झणझणीत असते. ती वापरा, कोणी वाईट वाटून घेत नाही. पिशवीतून लोणच्याची बाटली मात्र काढू नका, निदान वरिष्ठ बरोबर असताना.

हिरवं-लाल आणि चिमटा

तुमच्या ताटाशेजारी एक गोल चकती असते. हिरवी बाजू वर म्हणजे वाढत राहा, लाल वर म्हणजे थांबा. गल्लीतल्या हॉटेलात चकती नसतेही, तिथे तळहात उभा केला की कळतं. बरेच नवखे चकती एकदा हिरवी करून विसरतात. उलटं करा: बसल्याबसल्या ती लाल ठेवा. पहिली दहा मिनिटं नुसतं बघा की कोणत्या सळया कुठून येताहेत आणि कोणता वाढपी काय घेऊन फिरतोय. लाल असताना हवी ती सळई दिसली तर हाक मारून बोलावता येते, त्यात काही गैर नाही. चकतीने वाढपी थांबतो, तुमचं तोंड बंद होत नाही.

सुरुवातीला येतं ते स्वस्तातलं आणि पोट भरणारं. ‘लिंग्विसा’ म्हणजे पोर्कचं सॉसेज. गोव्याच्या चोरिसाची आठवण काढून घेऊ नका, त्यात तो व्हिनेगर-मिरचीचा झटका नाही, हे सौम्य असतं. मग बेकनमध्ये गुंडाळलेली कोंबडी. मग कोंबडीची छोटी हृदयं, एका सळईवर ओळीने ओवलेली. ती चाखाच. दिसायला धीर होत नाही, पण खारट, चिवटसर, आणि थंडगार बियरबरोबर फार छान लागतात. ब्राझिलियन पोरं त्यांवर तुटून पडतात.

सळई टेबलाशी आली की वाढपी तिचं टोक छोट्या थाळीवर टेकवतो आणि वरून खाली काप पाडायला लागतो. तुमच्याकडे छोटा चिमटा दिलेला असतो. सुटत चाललेल्या कापाचं टोक चिमट्याने नुसतं धरायचं, ओढायचं नाही. पूर्ण कापून झालं की तो थांबतो, मग ताटात घ्यायचं. काटा पुढे करू नका आणि बोटं तर नकोतच, ती सुरी केसही कापेल अशी असते. एका वेळी एकच काप सांगा. तो परत येणारच आहे.

कोणता तुकडा कशासाठी

यावर थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वाढपी नाव एकदाच पुटपुटतो आणि पुढे जातो.

पिकान्या हीच राणी. जनावराच्या पाठीच्या मागच्या टोकावरचा त्रिकोणी भाग, वर बोटभर जाड पांढरी चरबी. सळईवर तो इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वाकवून टोचतात, चरबी बाहेरच्या अंगाला. त्यामुळे लांबूनही ओळखता येतो. चरबी वितळून मांसात उतरते, चव तिथे असते. एक जनावर दोनच पिकान्या देतं आणि एकेक साधारण किलो-सव्वा किलोची. फार मोठी दिसली तर तिला शेजारच्या राठ भागाचा तुकडा जोडलेला असतो. चरबी खायची नसेल तर ताटात बाजूला काढा, पण कापतानाच काढायला लावू नका.

फ्राउजिन्या हा पोटाकडचा लांब धाग्यांचा भाग, रसाळ, चरबी कमी. मला पिकान्यापेक्षाही हा आवडतो, आणि लोक पिकान्यासाठी थांबलेले असताना तो सहज मिळतो. अल्कात्रा मोठा, मांसल, जरा कोरडा. मामिन्या मऊ. ‘कोस्तेला’ म्हणजे बरगड्या. त्या मंद आचेवर कित्येक तास भाजतात आणि हाडावरून मांस चमच्याने सुटतं. कोस्तेला सळईवर न येता पुष्कळदा ढकलगाडीवरून येते, तेव्हा नजर ठेवा.

आणि कुपीं. हा तुकडा अर्जेंटिनाच्या भट्ट्यांवर सहसा दिसत नाही, ब्राझीलमध्ये मात्र सर्रास, आणि त्याचं कारण भारतात आहे. कुपीं म्हणजे वशिंड. युरोपातून आणलेल्या गुरांना वशिंड नसतं. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात ब्राझीलच्या पशुपालकांनी भारतातून वशिंडाची गुरं नेली, कारण ती उष्णता आणि गोचिडांपुढे टिकत. आंध्रातली ओंगोल जात तिथे नेल्लूरच्या नावाने ‘नेलोरी’ झाली, काठेवाडची गीर ‘झीर’ झाली, कच्छकडची कांकरेज ‘गुझेरा’. आज ब्राझीलच्या गुरांमध्ये बहुसंख्य याच रक्ताची आहेत, आणि मिनास झेराइस राज्यातलं उबेराबा हे शहर त्यांच्या पैदाशीचं केंद्र. दुधासाठी जोपासलेल्या ब्राझिलियन गीर गाईंचं नाव आता भारतातल्या पशुपालकांच्याही तोंडी असतं. कुपीं चवीला चरबीयुक्त आणि दोरा-दोरा सुटणारं. नीट शिजायला तासन्‌तास लागतात, म्हणून ते आधी कागदात गुंडाळून मंद भाजतात. बीफ न खाणाऱ्या वाचकाला यातलं काहीच चाखायचं नसलं तरी ऑफिसच्या टेबलावर बोलायला विषय चांगला आहे. ब्राझिलियन सहकाऱ्यांपैकी अर्ध्यांना तो ठाऊक नसतो.

बीफशिवायचं: ‘लोंबो’ म्हणजे पोर्कची पाठ, पुष्कळदा किसलेल्या चीजमध्ये घोळवलेली, पोर्कच्या बरगड्या, मेंढीची मांडी, सोबत पुदिन्याचा गोड सॉस (तो टाळा), कोंबडीचे पाय. मेंढी क्वचित फिरते, तेव्हा आधीच सांगून ठेवावं की आली की मला आण. वाढपी हे लक्षात ठेवतात.

किती भाजलेलं

आपल्यातल्या बऱ्याच जणांना लाल रस दिसला की जीव घाबरा होतो. इथे ते सहज जमवता येतं, कारण सळई एकदाच भाजून संपत नाही. निखाऱ्यावरून आली की बाहेरचा थर पूर्ण भाजलेला असतो. पहिल्या दोन-तीन टेबलांवर तो कापला जातो, मग आतला गुलाबी भाग उघडा पडतो, आणि मग सळई परत भट्टीवर जाते, पुन्हा मीठ, पुन्हा आच. म्हणजे पूर्ण भाजलेलं हवं असेल तर भट्टीवरून नुकती निघालेली सळई पकडा आणि म्हणा “बें पासादा”. मधलं हवं तर “आउ पोंतु”. कमी भाजलेलं आवडत असेल तर “माउ पासादा”, आणि अशांनी उलट शेवटच्या टेबलांवर बसावं. जास्त भाजलेला काप खारट असतो, कारण मीठ बाहेरच्या थरातच असतं. तज्ज्ञ माणूस कापण्याआधी सुरीच्या पाठीने जास्तीचं मीठ झटकतो. त्याने तसं केलं नाही तर तुम्ही काट्याने झटका.

बें पासादा मागितल्यावर एखादा गाउशो वाढपी चेहरा पाडेल. पाडू द्या.

मध्ये काय प्यायचं

मीठ भरपूर असतं, पाणी मागवाच: ‘सें गास’ साधं, ‘कों गास’ सोड्यासारखं. ग्वाराना हे थंड पेय गोडमिट्ट, मुलांना आवडतं. काइपिरिन्या म्हणजे उसाच्या रसापासून काढलेली काशासा दारू, लिंबू, साखर, बर्फ. प्यायला सरबतासारखी असली तरी उतरायला वेळ लागतो, एक पुरे. गाडी चालवायची असेल तर एकही नाही. ब्राझीलचा दारू-ड्रायव्हिंग कायदा 2008 पासून फार कडक आहे आणि थोडी घेतली म्हणून सुटका नाही. अ‍ॅपवरची टॅक्सी करा.

कोकणातल्या किंवा गोव्याच्या माणसाने मात्र ‘सुको जी काझू’ मागून बघावा. काजूच्या बोंडाचा रस. काजू मूळचा ब्राझीलचाच. पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. आपल्याकडे बोंडं बहुतेक फेणीला जातात किंवा झाडाखाली कुजतात. इथे त्याचा रस रोज पितात. नाकाशी धरल्याबरोबर एप्रिलमधली काजूची बाग येते, घशात तोच किंचित तुरटपणा. खारट मांसावर हा रस लिंबू सरबतापेक्षा चांगला जातो.

शेवटाकडे

ब्राझिलियन माणूस इथे दोन तास बसतो. दहा मिनिटं चकती लाल करून गप्पा, मग पुन्हा हिरवी. हीच खरी पद्धत. सलग खाणारा अर्ध्या तासात संपतो आणि उरलेला वेळ इतरांची तोंडं बघतो. ताटात टाकू नका. काही ठिकाणी टाकलेल्या अन्नाचे पैसे लावतात. आणि उरलेलं बांधून मिळत नाही, रोडिझिओत तशी सोय नसतेच.

शेवटची सळई भाजलेल्या अननसाची, दालचिनी आणि साखर लावलेली. काही जण ती गोड म्हणून सगळ्यात शेवटी खातात, पण मधेच एक काप घेतला तर जिभेवरची चरबी साफ होते आणि आणखी दोन सळया चालतात. भाजलेलं ‘केझो क्वाल्यो’ चीजही तेव्हाच फिरतं; दाताखाली कचकचतं, शाकाहारी टेबलाने ते आधीच मागून घ्यावं. गोड पदार्थांची गाडी आली तर तिचे पैसे वेगळे असतात, हे विसरू नका. पपई आणि व्हॅनिला आइस्क्रीम एकत्र घुसळून वर कासिस या काळ्या बेरीचं मद्य ओतलेला ‘क्रेमी जी पापाया’ जड जेवणावर बरा. मग काफेझिन्यो, छोट्या कपातली काळी कॉफी.

अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्यांसाठी इतकंच: तिथे चकती, सळई, पिकान्या सगळं हेच. कोंबडीची हृदयं आणि कुपीं बहुधा दिसत नाहीत, सॅलडचा विभाग जास्त मोठा असतो. अमेरिकेत वाढप्यांची टिप अठरा-वीस टक्के धरून चाला. ब्राझीलमध्ये बिलातच दहा टक्के सेवाशुल्क लावलेलं असतं. ते ऐच्छिक असतं, पण सेवा धड असेल तर सगळे देतात आणि वर काही ठेवत नाहीत.

बिल मागितल्याशिवाय येत नाही: “आ कोंता, पोर फावोर.” प्रत्येकाने आपापलं द्यायची पद्धत सर्रास आहे, मशीन टेबलावर आणून एकेकाचं कार्ड चालवतात. वाढपी “क्रेजितो ओ देबितो?” विचारतो, क्रेडिट की डेबिट. त्यानंतर गल्ल्यावर “से-पे-एफी ना नोता?” असं काहीतरी पटकन विचारतात आणि नवा माणूस गोंधळतो. बिलावर तुमचा करक्रमांक छापायचा का, एवढंच ते विचारतात. क्रमांक नसेल तर “नाउं”. काही हॉटेलांत आत शिरताना हातात एक छोटं कार्ड देतात, ‘कोमांदा’. त्यावर तुमची पेयं, गोड सगळं नोंदलं जातं. ते हरवलंत तर दंड आकारतात, म्हणून खिशात नीट ठेवा. पैसे भरल्यावर त्यावर शिक्का मारून देतात किंवा चिठ्ठी देतात, आणि बाहेर पडताना दारातला माणूस ती मागून घेतो.